चार नंबरचा टॅपेट

पट्टी आत शिरली नाही. पाव मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि त्या व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामधल्या फटीत ती सरकायला हवी होती, आणि बाहेर ओढताना पोळपाटावरून पापड उचलावा तेवढीच ओढ बोटांना लागायला हवी होती. मी तिचं टोक फटीच्या तोंडाशी टेकवलं, किंचित तिरपं करून पाहिलं. मग गेजच्या जुडग्यातली तिच्याहून पातळ पट्टी घेतली. तीही गेली नाही. सगळ्यात पातळ पट्टी, जी फुंकरीनं हलते, ती टोकाशीच वाकली.

"झालं का, ताई?" जीपच्या खालून अभिषेकनं विचारलं.

"थांब."

"थांबलोच आहे. मुंग्या चढून राह्यल्या अंगावर. त्यांना वाटते मेला हा."

 चार नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह माझ्यासमोर होता आणि त्याला फट नव्हती.

खंडेनवमीची सकाळ होती. आमच्या घरी त्या दिवशी जीपला हार घालण्याआधी तिचे टॅपेट सेट करायचे, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हची ही फट मापात आणायची, असा नानाजींचा नियम. नानाजी म्हणजे आमचे वडील. पाटबंधारे खात्यात होते, आणि निवृत्तीच्या आधी खात्याच्या लिलावातून त्यांनी ही जुनी डिझेल जीप घेतली. लोक गाडी धुतात, कुंकू लावतात, लिंबू ठेवतात. नानाजी म्हणायचे, वर्षातून एकदा तिला आतून तरी पाहा, मग लावा काय लावायचं ते. गॅरेजवाल्याकडे त्यांनी हे काम कधी दिलं नाही. ते आम्हा दोघांकडूनच करून घ्यायचे. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं बंपरखाली झोपून पुलीच्या नटाला मोठा पाना लावायचा आणि इंजिन हळूहळू फिरवायचं. दुसऱ्यानं वरून व्हॉल्व्हकडे पाहत "थांब" म्हणायचं. अभि लहान होता, खाली सहज मावायचा, म्हणून खालचं काम त्याचं. आता त्याला पोट सुटलं होतं, पांढरकवड्यात त्याचं कृषी केंद्र, म्हणजे बियाण्या-खतांचं दुकान होतं, तरी तो दर खंडेनवमीला बारदाना अंथरून खाली जायचा. घर नानाजींनी त्याच्या नावावर केलं आणि जीप माझ्या. दोघांनाही ते बरोबर वाटलं होतं.

ही फट का ठेवायची, हे सोपं आहे. इंजिन तापलं की धातू वाढतो. थंड असताना थोडी जागा सोडली नाही, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, मधून जळता वायू निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळून जाते. फट जास्त झाली तर नुसतं टिकटिक वाजतं, फार बिघडत नाही. "वाजणाऱ्या टॅपेटची काळजी करू नको," नानाजी मला सांगायचे. "गप्प झाला की पाहा." म्हणून मी फट मापापेक्षा अगदी किंचित सैल ठेवते, आणि आमची जीप टिकटिकत जाते. झरी जामणीकडच्या तांड्यावरची पोरं तिला टिकटिकीच म्हणतात. वळणाच्या पलीकडे असतानाच त्यांना कळतं, कोण येतंय.

मी पांढरकवड्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तेव्हा शनिवारी आणि सुट्ट्यांमध्ये मी तिकडे जायची. शेतात गुडघाभर खड्डा खणायचा, माती किती खोल आहे, खाली मुरूम कुठे लागतो ते पाहायचं, आणि त्या जमिनीला काय झेपेल ते सांगायचं. एवढंच माझं काम होतं. त्या वर्षांत कापसावर बोलायला सगळीकडून माणसं येत होती. गाड्या यायच्या, फोटो काढायच्या, जायच्या. मी फक्त खड्डा खणायची. लोकांचा विश्वास बसायला चार-पाच हंगाम गेले. बरडाला, म्हणजे मुरमाच्या उथळ रानाला, लवकर येणारं साधं वाण आणि सोबत तूर, हे पटल्यावर त्यांनी माझ्याकडेच बियाणं मागायला सुरुवात केली. मी ते विद्यापीठातून आणून मांजरपाटाच्या छोट्या पिशव्यांमध्ये भरून द्यायची. चकचकीत पाकीट पाहून बियाणं घेऊ नका, हे मीच त्यांना शिकवलं होतं. पेरणी झाली की पिशव्या परत यायच्या, आणि रिकाम्या कधीच नाही. रिकामी पिशवी परत करणं तांड्यावर कोणाला जमत नाही. कधी मूठभर तीळ, कधी बोरं, काही ना काही त्यात असायचंच.

तांड्यावरच्या बायकांनी शाळेची जुनी खोली मला देऊ केली होती आणि शेजारचं थोडं रानही. इथंच राहा, म्हणाल्या, बियाणं इथंच करू. तिथून कॉलेजात रोज येता आलं असतं. पण मी दर वेळी म्हणायची, दिवाळीनंतर सांगते. अभिला सांगितलं की त्याचा चेहरा पडायचा. "घर रिकामं होईल, ताई," तो म्हणायचा. "नानाजी गेले, आता तूही. दिवाळीनंतर पाहू ना." अशा तीन दिवाळ्या गेल्या होत्या.

"चार नंबरच्या एक्झॉस्टला फट नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"लॉकनट सैल झाला असन."

ते शक्य होतं. मी वाकून नट पाहिला. दर वर्षी नट आवळून झाला की मी त्याच्यावरून आणि मधल्या स्क्रूवरून एक बारीक रेघ ओढते, मंजुषाच्या लाल नेलपॉलिशनं. मंजुषा म्हणजे अभिची बायको. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते. काळ्या तेलाखाली गेल्या दसऱ्याची रेघ होती तशी होती. म्हणजे स्क्रू हलला नव्हता. व्हॉल्व्हच आपल्या जागेत खोल बसला होता.

"रेघ जुळते," मी म्हटलं.



मी नट सैल केला, फट मापात आणली, पुन्हा आवळला. "अर्धा वेढा." पाना नटाला लागल्याचा आवाज झाला, इंजिन जड श्वास टाकल्यासारखं फिरलं. "थांब." आता दोन नंबर. तिथंही एक्झॉस्टची फट जवळजवळ मिटलेली. एकाच व्हॉल्व्हचा दोष असता तर दोन नंबर नीट असता.

एका वर्षात ही फट कमी होते ती वहीच्या कागदाएवढी. ती अशी मिटायला इंजिन खूप चालायला हवं, ओझं घेऊन, तापून. मी गेल्या दसऱ्यापासूनच्या माझ्या फेऱ्या आठवल्या. हिवाळ्यातले शनिवार. मग एप्रिलच्या मध्यापासून जून संपेपर्यंत मी प्रशिक्षणासाठी अकोल्याला होते. जाताना जीपवर ताडपत्री टाकली होती, बॅटरीची तार काढून ठेवली होती. आल्यावर पाऊस. तांड्याच्या अलीकडचा नाल्यावरचा पूल वाहून गेल्यामुळे पावसाळाभर जीप उभीच होती. किलोमीटरच्या आकड्याची केबल नानाजींच्या काळात तुटली ती तुटलीच. मीटर काही सांगू शकत नव्हतं. व्हॉल्व्ह सांगत होते.

"अभि, मी अकोल्याला होते तेव्हा जीप काढली होती का?"

"नाई बा. एकदा पंपापर्यंत. बॅटरी बसू नये म्हणून."

"बॅटरीची तार मी काढली होती."

"मग लावली आन् पुन्हा काढली. ताई, सणाच्या दिवशी कायले तपास लावून राह्यली? डिझेलमध्ये भेसळ आहे आजकाल. व्हॉल्व्ह काय, माणसं खराब होऊन राह्यली."

तो हसला. मीही जवळजवळ हसले. भेसळीचं डिझेल, जुना धातू, गेल्या वर्षी घेताना चुकलेलं माप. विज्ञान शिकलेल्या माणसाला पर्यायी कारणं शोधायची सवय असते, आणि ती सवय आपल्या माणसाला वाचवायलाही वापरता येते. मी ती वापरत होते, तेवढ्यात फाटक वाजलं.

रूपीबाई होती, तांड्यावरची. डोक्यावरचं टोपलं तिनं एका हातानं धरलं होतं. ती माझ्या बाजूनं आली. अभि पलीकडे, बंपरखाली होता. मला त्याचे नुसते पाय दिसत होते. तिला तेही दिसत नव्हते.

"राम राम, म्याडम. गाडीचं पोट फाडून बसल्या?"

"राम राम, रूपीबाई. या. कशा आल्या?"

"एस्टीनं. अजून कशानं येनार? तुमची टिकटिकी तं पावसाळाभर आलीच नाई."

"पूल वाहून गेला होता ना."

"कोनता पूल?"

"तुमच्या अलीकडचा. नाल्यावरचा."

"त्याले काय झालं? एस्टी रोज येते त्याच्यावरून. पोळ्याच्या आंगोमांगं एक दिवस वरून पानी होतं. दुसऱ्या दिवशी उतरलं."

पूल गेल्याचं मला अभिनंच सांगितलं होतं. जुलैत मी निघाले तेव्हा, आणि ऑगस्टमध्ये मी पुन्हा विचारलं तेव्हा. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. डाव्या पायाचा अंगठा मघापासून हलत होता, तो थांबला होता.

रूपीबाईनं टोपलं खाली ठेवलं. त्यातून एकेक करून चार पिशव्या काढल्या, फुगलेल्या, तोंडं सुतळीनं बांधलेल्या. "ह्या तुमच्या पिशव्या. रिकाम्या कशा देऊ? सीताफळं हायेत. दोन दिवस ठेवा, मंग खा. घाई करान तं दात आंबतीन."

माझ्या पिशव्या पांढऱ्या मांजरपाटाच्या असतात. ह्या पिवळ्या होत्या, त्यावर तपकिरी पानं. ते कापड मी कित्येक वर्षं रोज पाहिलं होतं. आमच्या बैठकीच्या खोलीचे पडदे होते ते. मी अकोल्याहून आले तेव्हा तिथं नवे पडदे होते आणि मी मंजुषाला म्हटलं होतं, छान दिसतात.

"ह्या कधीच्या, रूपीबाई?"

"मिरगातल्या. पेरनीच्या. भाऊ आलते ना गाडी भरून. आवाज आला तशी पोरं पळाली, टिकटिकी आली, टिकटिकी आली. आमाले वाटलं तुम्ही आल्या. पाह्यतो तं भाऊ."

"मग?"

"मंग काय. म्या इचारलं, म्याडमनं धाडलं का? भाऊ हासले. तवा घेतलं साऱ्यांनी. तांड्यावरल्यांनी घेतलं, खालच्या पोडावरल्यांनी, कोलामांच्या वस्तीतल्यांनी घेतलं. पुढच्या गावांतबी गेलते म्हनतात. आठ-दहा दिवस फिरून राह्यलते."

"बरडावर पेरलं?"

"मंग कुठं पेरू? बरडच हाये आमच्यापाशी." तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "म्या म्हनलं, आमच्या रानात खड्डा म्याडमनंच खनला होता. त्यायनं पाठवलं म्हनजे पाहूनच पाठवलं असन."

माझ्या हातात गेजचं जुडगं होतं. मी एकेक पट्टी आत मिटत गेले.

"कसं आलं?"

"झाड तं झालं मानसाएवढं. सारे पाहाले येत. मंग पानी थांबलं आन् आठ दिवसांत रान लाल. पाती गळली. बोंडं धरली ते वटान्याएवढी." मग माझा चेहरा पाहून ती घाईघाईनं म्हणाली, "होते एखाद्या साली. हरिसिंग म्हने जाऊ नको, म्याडमले वाईट वाटन. म्या म्हनलं, पिशव्या तं देनं हाये ना." हरिसिंग तिचा नवरा. "उद्या येता ना, सोनं द्याले?"

दर दसऱ्याला मी संध्याकाळी तांड्यावर जाते. आपट्याची पानं देऊन झाली की सगळे जीपभोवती बसतात आणि रब्बीला कोणी काय पेरायचं ते आम्ही ठरवतो.

"येते."

"या." तिनं पदर नीट केला. पुढचं तिला बोलायचं नव्हतं, तरी ती बोलली. "हरबऱ्याचं बियानं औंदा बजारातूनच घेऊ म्हनतात लोकं. तुम्ही राग नका मानू. तुमच्या मनात खोट नोती, हे साऱ्याईले माईत हाये. पन एकदा फसलं तं मानूस भेते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं ते वाक्य मला अजून त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, ज्याचे पाय माझ्यासमोर होते. मी एवढंच म्हटलं, "उद्या सगळ्यांना थांबायला सांगा, रूपीबाई. पोडावरच्यांनाही बोलवा." चहाला ती थांबली नाही, बाजार करून एसटी गाठायची होती. फाटक तिनं मागे वळून नीट लावून घेतलं.

मंजुषा चहा घेऊन बाहेर आली. दोन कप, आणि ताटलीत झेंडूची फुलं. "कोण होतं? अगंबाई, सीताफळं," म्हणाली, आणि पिशव्या पाहून थांबली.

"ह्या तू शिवल्यास?"

"हो. हे म्हणाले, ताईंना हव्यात."

"कधी?"

तिनं बंपरकडे पाहिलं. पाय तिलाही दिसत होते. "उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात मी अकोल्याला होते, मंजुषा."

तिनं कप मडगार्डवर ठेवले. एक जरा सांडला, तो पदरानं पुसला. "माहीत होतं," ती हळू म्हणाली. "मी यांना विचारलं होतं एकदा. म्हणाले, ताईला सांगितलंय. परत नाही विचारलं मी." ताटली तिथंच ठेवून ती आत गेली.

दोन नंबर मी मापात आणला. अजून दोन सिलिंडर बाकी होते, काम अर्धवट ठेवता आलं नसतं. निदान मी तेव्हा स्वतःला हेच सांगितलं.

"अभि. अर्धा वेढा."

 मग पाना लागला, इंजिन फिरलं.

"थांब. जरा मागे. बस."

एक नंबर. मी नट सैल केला.

"पेरणी तोंडावर आलती," खालून आवाज आला. इंजिनच्या मागून येत असल्यामुळे तो लांबचा वाटत होता. "दुकानात माल पडून होता. तिकडचं एक माणूस आपल्या दुकानात येत नव्हतं, ताई. काहून येत नव्हतं? तू सांगून ठेवलतं, पाकिटाला भुलू नका."

"म्हणून पाकिटं फोडलीस."

"तेच बियाणं सारे विकून राह्यलते. मी काही खोटं बियाणं नाही विकलं. कोणाही दुकानात जाऊन विचार."

"पाकिटावर काय लिहिलं होतं? कोणत्या जमिनीला?"

 मी स्क्रू फिरवत होते. पट्टी सरकली, जरा सैल सरकली, मी पुन्हा फिरवला.

"अभि, काय लिहिलं होतं?"

"भारी जमीन. ओलिताची."

"तू वाचलं होतंस."

"वाचते कोण नाई? पेरते कोण नाई, ते सांग." मग जरा थांबून, "मी तुझं नाव एकदाही घेतलं नाही, ताई. विचार त्या बाईला. एका गावात नाही घेतलं."

हे खरं होतं. त्याला नाव घ्यायची गरजच पडली नव्हती. पिशवी होती, जीप होती, आणि मी स्वतःच्या हातानं सैल ठेवलेल्या आठ टॅपेटची टिकटिक होती.

"तिनं विचारलं तेव्हा तू हसलास."

"हसणं म्हणजे हो म्हणणं नाही."

"नाही म्हणणंही नाही. अर्धा वेढा."

इंजिन फिरलं. "थांब," मी म्हटलं, आणि तो लगेच थांबला, अचूक जागी. लहानपणापासून त्याचा हात या कामात चांगला होता. मला तेव्हा एक गोष्ट आठवली, जी आठवायला नको होती. नानाजी गेले त्या वर्षी आम्ही दोघांनीच हे काम केलं होतं आणि तो खाली पडल्या पडल्या रडत होता, पण एकदाही त्याचा पाना सुटला नव्हता. तोच हा हात.

तीन नंबर शेवटचा होता.

"पुलाचं कशाला सांगितलंस?"

"तू गेली असती, रान पाहिलं असतं. तुला त्रास झाला असता."

"मला?"

त्याच्या पायाचा अंगठा पुन्हा हलायला लागला.

"ऑगस्टमध्ये रान पाहिलं असतं तर शेंडे खुडता आले असते. मध्ये तूर लावायला उशीर झाला असता, पण ज्वारी टाकता आली असती. काहीतरी हाताला लागलं असतं त्यांच्या." माझा आवाज मलाच वर्गात शिकवत असल्यासारखा वाटला. मी थांबले. मग ज्याची मला खरी भीती होती ते विचारलं. "आणि दिवाळीनंतर, दिवाळीनंतर म्हणायचास, ते? मी घरात हवी होते, की जीप?"

"असं नको बोलू, ताई."

"मी विचारते आहे."

"तू घरात हवी होतीस," तो म्हणाला. आणि मग, तो खोटं बोलला नाही म्हणून असेल, किंवा आता लपवायला काही उरलं नव्हतं म्हणून, "जीपही."

दोन्ही खरं असावं. त्यातलं किती कोणतं, हे मोजायला माझ्याकडे पट्टी नव्हती.

मी शेवटचा नट आवळला, पट्टी पुन्हा सरकवून पाहिली. ओढ बरोबर होती. आठही नट पुसले आणि नेलपॉलिशनं आठ नव्या रेघा ओढल्या. झाकणाची कॉर्कची पॅकिंग जागेवर बसवली, झाकण लावलं. अभि खालून सरकत बाहेर आला. हात काळे, शर्टाला बारदान्याचे तंतू, मानेवर एक मुंगी. तो तिथंच बारदान्यावर बसला. त्यानं पिशव्यांकडे पाहणं टाळलं, गार झालेल्या चहाचा कप उचलला आणि एका घोटात संपवला. चहा प्यायल्यावर त्याच्या चेहऱ्यावर त्याचा नेहमीचा चेहरा परत आला. तो परत येताना मी पाहिला.

"ऐक," तो म्हणाला. "चूक झाली. मोठी झाली, मान्य. पण इतकं काही गेलेलं नाही. उद्या मीही येतो तुझ्यासोबत. तू त्यांना सांग, बियाणं खराब निघालं, औंदा पाऊसच तसा होता. तुझं ऐकतात ते. हरबऱ्याचं चांगलं बियाणं मी देतो, एकदम चांगलं, तू स्वतः पाहून घे. पांढऱ्या पिशव्यांत भरू."

मी जीपमध्ये चढले. बॅटरीची तार मी सकाळीच लावली होती. किल्ली फिरवली. जुनं इंजिन दोनदा कण्हलं आणि सुरू झालं. धूर निघाला, विरला, आणि मग झाकणाखालून तो आवाज यायला लागला. टिकटिक, बारीक, सैल, आठही. किती दिवस तो आला नव्हता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पावसाळ्यात ताडपत्रीखाली मी जीप दोन-तीनदा सुरू केली होती. ती मऊ, गुळगुळीत चालत होती, आणि मला ते बरं वाटलं होतं.

अभि उठून माझ्या दाराशी आला. झेंडूचा हार त्याच्या हातात होता, काळ्या बोटांचे ठसे पाकळ्यांवर. "चल, पूजा करून घेऊ," तो इंजिनच्या आवाजावरून म्हणाला. "बाकीचं बोलू ना आपण शांतपणे. दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर नाही," मी म्हटलं.

"काय?" त्याला ऐकू गेलं नव्हतं. मी नेहमी हळू बोलते. घरात सगळ्यांना त्याची सवय आहे.

मी इंजिन बंद केलं नाही. मंजुषा दारात येऊन उभी होती, तिलाही ऐकू जाईल एवढा आवाज मी काढला.

"मी उद्या तांड्यावर जाते आहे, अभि. राहायला. जीप घेऊन. आणि बियाणं कोणी आणलं होतं, ते मी त्यांना सांगणार आहे."